शापित वाड्याची कुळकथा

भयपटांतल्या शापित वाड्याचे मूळ एका स्वप्नात सापडते. हॉरेस वॉलपोल या इंग्रज खासदाराने लंडनजवळचे आपले ‘स्ट्रॉबेरी हिल’ हे घर टोकदार कमानी आणि रंगीत काचा बसवून मध्ययुगीन किल्ल्यासारखे सजवले होते. जून १७६४मध्ये त्याला स्वप्नात जुन्या किल्ल्याचा जिना दिसला. वरच्या कठड्यावर चिलखतातला अवाढव्य हात टेकलेला होता. त्यातून ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी जन्मली. दुसऱ्या आवृत्तीत (१७६५) वॉलपोलने तिला ‘गॉथिक कथा’ म्हटले आणि बांधकामाच्या शैलीचे नाव साहित्याला चिकटले. मुंबईच्या सीएसएमटीची इमारतही त्याच शैलीच्या पुनरुज्जीवनातली.

कादंबरीत किल्ल्याचा मालक मॅनफ्रेड याच्या आजोबाने आपल्या धन्याला विष घालून ओट्रँटो बळकावलेले असते. त्याची फेड नातवाच्या पिढीत होते. ऐन लग्नाच्या दिवशी मॅनफ्रेडच्या मुलावर प्रचंड शिरस्त्राण कोसळते, आजोबा तसबिरीतून खाली उतरतो, शेवटी तटबंदी ढासळते. पूर्वजांचे पाप, तसबीर आणि पडझड हा पुढच्या भयपटांचा सगळा ऐवज इथेच जमा झाला.

एडगर ॲलन पो याने १८३९मध्ये त्यातले पाप वगळले. त्याच्या कथेत ‘हाउस ऑफ अशर’ हे नाव वास्तूचेही आहे आणि कुळाचेही. मराठीत घर आणि घराणे एकाच शब्दात बोलावे तसे. छपरापासून तळ्याच्या पाण्यापर्यंत भिंतीतून एक नागमोडी, जेमतेम दिसणारी चीर उतरते. शेवटचे भाऊबहीण मरताच ती रुंदावते आणि वास्तू तळ्यात गडप होते. भूत नसतानाही घराचीच भीती वाटावी, ही पोची खरी देणगी.

सिनेमाने दोघांकडूनही घेतले. तसबीर तर आपल्याकडेही आली: कमाल अमरोही यांच्या ‘महल’मध्ये (१९४९) नायकाला वाड्यातल्या जुन्या चित्रात स्वतःचाच चेहरा दिसतो. रॉजर कॉर्मन यांनी ‘हाउस ऑफ अशर’ (१९६०) करताना पोची चीर ठेवली आणि वॉलपोलचे पाप परत आणले. व्हिन्सेंट प्राइस यांनी साकारलेला रॉडरिक अशर पाहुण्याला भिंतीवरचा एकेक पूर्वज दाखवत त्याचे गुन्हे सांगतो, तेव्हा त्या भिंतींचीच धास्ती वाटू लागते. ‘यात राक्षस कुठे आहे?’ या निर्मात्यांच्या शंकेवर कॉर्मन यांचे उत्तर होते, वाडा हाच राक्षस. वाडा जळतानाच्या दृश्यांसाठी त्यांनी कॅलिफोर्नियातले पाडायला काढलेले एक कोठार रात्री पेटवून चित्रित केले. पोच्या कथांवरच्या त्यांच्या नंतरच्या चित्रपटांतही त्याच जळत्या तुळया पुन्हा कोसळताना दिसतात.