चाव्याची नोंद

रुग्णालयातून घरी परतताना मिळणाऱ्या कागदपत्रांत निदानाशेजारी पुष्कळदा एक रोमन अक्षर आणि दोन-तीन अंक लिहिलेले असतात. विम्याच्या दाव्यासाठी ते कागद आपण जपून ठेवतो; त्या अंकांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः रुग्णाच्या दुखण्याचे शासनदरबारी व विमा कंपनीकडे जे रूप उरते, ते बहुतांशी त्या अंकांतच. कीटकदंशाच्या बाबतीत या सांकेतिक नोंदीचा इतिहास विशेष उद्बोधक आहे, आणि त्यातील काही महत्त्वाचे प्रसंग आपल्याच परिसरात, कर्नाटकात व महाराष्ट्रात, घडलेले आहेत.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय सूची फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडली. १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही समावेश झाला. १९९० साली स्वीकारलेल्या दहाव्या आवृत्तीत मधमाशीचा किंवा गांधीलमाशीचा डंख 'एक्स २३' या बाह्य कारणाखाली येतो, तर बिनविषारी कीटकाचा चावा 'डब्ल्यू ५७' खाली. तेथे तो अपघातांच्या पंक्तीत बसतो. परंतु डासाने चावताना हिवतापाचे जंतू शरीरात सोडले, तर नोंद 'बी ५०' ते 'बी ५४' या संसर्गजन्य रोगांच्या गटात होते आणि चाव्याचा उल्लेखही उरत नाही. चावा तोच, पण एकदा तो अपघात ठरतो, एकदा रोग.

कोणत्या रकान्यात काय लिहायचे, हे त्या काळी काय ठाऊक आहे यावर अवलंबून असते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मराठीत त्याला तेव्हा 'ग्रंथिक सन्निपात' असेही नाव होते. ऑगस्ट १८९८ मध्ये हुबळीकडून रेल्वेमार्गे तो बंगळुरात पोहोचला. त्यापूर्वी जेमतेम दोन महिने पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञाने कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसवांतून प्लेग पसरतो, हे दाखवले होते. त्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते. १९०५ मध्ये नेमलेल्या संशोधन आयोगाने मुंबईत परळ येथे केलेल्या कामानंतरच ही गोष्ट सर्वमान्य झाली.

तोवर बंगळुरातील मृतांच्या नोंदीत पिसूच्या चाव्याला जागा असणे शक्यच नव्हते. प्रवाशांची तपासणी, विलगीकरण, घरे रिकामी करणे हेच उपाय होते. शिवाय शहर दोन अंमलांत विभागलेले होते. पेठेचा कारभार म्हैसूर संस्थानाकडे, तर छावणीचा ब्रिटिशांकडे. दोन्ही नगरपालिका एक झाल्या त्या १९४९ मध्ये. उंदरांना ही सीमा अर्थातच ठाऊक नव्हती. दाट वस्तीला दोष दिल्यामुळे मल्लेश्वरम व बसवनगुडी या मोकळ्या वसाहतींना मात्र चालना मिळाली. कारण अपुरे कळलेले असूनही उपाय अंशतः लागू पडला, असे म्हणता येईल.

दुसरा प्रसंग १९५७ चा. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली, आणि आसपासच्या गावांत तापाने माणसेही दगावू लागली. पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, नवाच विषाणू शोधून काढला. तो पसरवीत होती गोचीड. शास्त्रीयदृष्ट्या गोचीड हा कीटक नव्हे, तिला आठ पाय असतात. पण चाव्याच्या हिशेबात तो भेद गौण आहे. क्यासनूरचे नाव या रोगाला मिळाले आणि आंतरराष्ट्रीय सूचीत 'ए ९८.२' हा स्वतंत्र क्रमांकही.

या क्रमांकाचे मोल पुढे दिसून येते. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात हाच रोग प्रकटला. काजूच्या बागांत व रानात राबणाऱ्यांचा हा 'माकडताप'. जेथे संशयच येत नाही तेथे रक्त योग्य प्रयोगशाळेत जात नाही, आणि नोंद होते 'आर ५०.९', म्हणजे अनिर्दिष्ट ताप. अनिर्दिष्ट तापासाठी गोचिडीविरुद्ध मोहीम निघत नाही, की अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही: जे मोजले गेले नाही, त्यावर खर्च होत नाही.

तिसरा प्रसंग न्यायालयातील. मोझांबिकमधील चहाच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या एका भारतीयाचा हिवतापाने मृत्यू झाला. त्याचा विमा अपघाती मृत्यूचा होता. डासाचा चावा अनपेक्षित, म्हणून तो अपघातच, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मानले. २६ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. ज्या देशात दर तिघांपैकी एकाला हिवताप होतो, तेथे तो होणे अनपेक्षित म्हणता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. तर्क सुसंगत आहे. तरीही त्यातून असे निष्पन्न होते की, जेथे धोका अधिक, तेथे अपघाताच्या विम्याचे संरक्षण कमी. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात मुळात नोंदच तोकडी आहे. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने रुग्णालयांवर कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क देण्याचे बंधन घातले आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास देण्याची तरतूद केली. ती प्रत आवर्जून मागून घ्यावी व वाचावी.

आणि ताप घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा गेल्या पंधरवड्यात कोठे गेला होतात, काय काम केले, काही चावले का, हे न विचारताही सांगावे. बंगळुरात राहणारा माणूस मे महिन्यात गावी काजूच्या बागेत जाऊन आला आहे, हे डॉक्टरांना आपोआप कळत नसते. क्रमांक लिहिणारा कारकून रुग्णाला पाहत नाही. डॉक्टरांनी जे लिहिले तेच तो पाहतो. असो. १८९८ च्या बंगळुरात पिसूची नोंद झाली नाही, कारण तिचा अपराध ठाऊक नव्हता. आज तो ठाऊक असूनही नोंद राहिली, तर दोष अज्ञानाला देता येणार नाही.