काडतुसाचा काठ

कोषागाराच्या दारात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाची लांब, लाकडी दस्त्याची रायफल आपण सर्वांनी पाहिली आहे. तीच थ्री नॉट थ्री. डिप्लोमा करून आम्ही राज्य शासनाच्या नोकरीत लागलो आणि इथे इंदुरात हत्यारांच्या दुरुस्तीच्या कामावर आलो, तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या रायफलींबरोबरच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच तक्रार असे : ‘राउंड अटकता है’. या अटकण्यामागे सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे.

काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ आठवते. ते काडतूस कागदी होते, दाताने तोडायचे. थ्री नॉट थ्रीचे काडतूस पितळेचे, आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. हिला आम्ही काठ म्हणतो. १८८८ साली ब्रिटिशांनी ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिची खालून बसणारी पेटी, म्हणजे मॅगझिन, जेम्स पॅरिस ली याच्या कल्पनेतून आली होती. पहिल्या नमुन्यात आठ काडतुसे एकाच रांगेत बसत. पुढे मॅगझिन दहाचे झाले आणि काडतुसे डावी-उजवी अशी रचली जाऊ लागली. त्या काळात जर्मनांनी बिनकाठाचे काडतूस घेतले होते. ब्रिटिशांनी काठ ठेवला, आणि त्याला कारणही होते. काडतूस चेंबरमध्ये किती आत जायचे हे काठ ठरवतो, त्यामुळे चेंबर थोडा कमी-जास्त कापला गेला तरी चालून जाते. कारखान्याची सोय झाली, पण अडचण शिपायाच्या बोटांवर आली.

ती अडचण अशी. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठामागे गेला, की बोल्ट पुढे ढकलताना वरचे काडतूस खालच्यालाही रेटू लागते. दोन्ही अडतात, बोल्ट मध्येच थांबतो. जोर लावावा तितके ते घट्ट बसतात. काठवाली काडतुसे रशियनांचीही होती, पण त्यांच्या १८९१ च्या मोसिन रायफलीत एक छोटा पत्ता बसवला होता. वरचे काडतूस चेंबरमध्ये जाईपर्यंत तो खालच्याला दाबून धरतो. ऑस्ट्रियनांनी पाचही काडतुसे एका पत्र्याच्या खोबणीत धरून ती खोबणीसकट आत घातली. ब्रिटिशांनी यंत्रात असे काही केले नाही, कवायतीत नियम घातला : प्रत्येक काडतुसाचा काठ खालच्याच्या काठापुढे. आमच्या मते रशियनांचा उपाय अधिक प्रामाणिक होता.

पुढे दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ चे बोअर युद्ध झाले. बोअरांच्या माउझरमध्ये बिनकाठाची पाच काडतुसे एका दाबात आत जात, तर ब्रिटिश सैनिक एकेक भरत बसे. त्यानंतरच्या आखूड ली-एनफिल्डला पाचच्या चार्जरची सोय झाली. चार्जरमध्ये तीन काडतुसांचे काठ खाली आणि मधल्या दोघांचे वर, म्हणजे चार्जर कसाही धरला तरी चालेल. ब्रिटिशांना काठ सोडायचाही होता. १९१३ ची नवी रायफल बिनकाठाच्या काडतुसासाठीच बनवली होती. पण १९१४ ला महायुद्ध सुरू झाले, लाखो जुनी काडतुसे पडून होती, आणि ती नवी रायफलसुद्धा शेवटी थ्री नॉट थ्रीच्या मापात बनली.

आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरला या रायफली बनल्या आणि आपल्या पुण्याजवळच्या खडकीला काडतुसे. खडकीचा कारखाना १८६९ चा. त्याच्या काडतुसांच्या बुडावर इंग्रजी ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे असतात. आम्हा मराठी माणसांना ती पाहून उगीचच बरे वाटते.

अटकलेल्या रायफलीची तपासणी आम्हाला उस्तादांनी ठरावीक क्रमाने शिकवली : आधी राउंड, मग मॅगझिन, शेवटी रायफल. आम्ही डमी राउंडच वापरायचो आणि नळी भिंतीकडे असायची. पहारा बदलताना तीच ती काडतुसे वर्षानुवर्षे भरून-काढून काठ खरवडतो, पितळ हिरवे पडते. नंतर मॅगझिन. गोळीचे टोक चेंबरच्या खाली आपटत असेल तर स्प्रिंग थकलेली किंवा मॅगझिन धरणारा खटका झिजलेला. टोक वर उडत असेल तर मॅगझिनचे ओठ फाकलेले. बोल्ट काडतुसावरून कोरडाच सरकत असेल तर मॅगझिन नीट बसलेले नाही, किंवा शिपायाने बोल्ट पूर्ण मागे ओढलेला नाही. हे मॅगझिन रायफलीला जुळवून बसवायचे असते. सुरुवातीच्या रायफलींना तर ते साखळीनेच बांधलेले असे. भरायचे वरून, काढायचे फक्त सफाईला.

हे सगळे सांगायचे कारण एक शिपाई. एका निरीक्षणात ‘भर’ म्हटल्यावर त्याचा बोल्ट अडला. काडतुसे चुकीची भरली असे म्हणून त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. रायफल आमच्याकडे आली तेव्हा काडतुसांचा क्रम अगदी बरोबर होता. दोष मॅगझिनचा होता : एक ओठ फाकलेला, आणि ते मॅगझिन त्या रायफलीचे नव्हतेच. सफाईच्या वेळी वीस रायफलींची मॅगझिने एकाच सतरंजीवर पसरली की असे होते. आम्ही अहवालात तसे लिहिले. नोटीस तोवर त्याच्या फाइलला लागली होती. आमचा अहवाल तिच्या मागे जोडला गेला, नोटीस निघाली नाही. शंभर वर्षे काठाचा दोष नियमाने शिपायाच्या अंगठ्यावर टाकला, तेव्हा बोट आधी त्याच्याकडेच जाणार.

१९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने याच रचनेची ७.६२ मापाची रायफल काढली, बिनकाठाच्या काडतुसाची. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात निरोप दिला. आमच्याकडे ७.६२ ची मॅगझिने भरताना जुने हवलदार अजून प्रत्येक राउंड अंगठ्याने थोडा पुढे सरकवतात. काठ नाही, सरकवायची गरजही नाही. कोणी विचारले तर म्हणतात, उस्तादांनी असेच शिकवले.