निजेचें ओझें

डोंगरांत रात्र काढावयास निघालेल्या तरुणानें पाठीवर अंथरूण कोणतें घ्यावें, हा प्रश्न दिसावयास दुकानदाराचा आहे. पण इतिहासानें त्याचें उत्तर अनेकदां, आणि एकदां तरी फार महाग किंमत घेऊन, दिलेलें आहे. थंडीच्या दिवसांत शनिवारीं सांताक्रूझ स्टेशनावर पाठीशीं पोतडी बांधलेलीं मुलें दिसलीं म्हणजे आमचें लक्ष प्रथम त्या पोतडीखालच्या गुंडाळीकडे जातें.

आपल्याकडे या कामीं शतकानुशतकें एकच वस्तु चालत आली, ती म्हणजे घोंगडी. धनगरांनीं मेंढ्या कातराव्या, सणगरांनीं ती लोंकर खड्ड्याच्या मागावर विणावी आणि ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावी, असा हा जुना व्यवहार. घोंगडी राठ, जड आणि अंगाला टोंचणारी खरी. परंतु लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें एकतृतीयांश ओलावा शोषूनहि ओली भासत नाहीं, आणि भिजल्यावरहि कांहीं ऊब राखते. सह्याद्रीच्या दंवांत या गुणाची किंमत कळते. पावसांत तिचीच घडी घालून डोक्यावरून खोळ घेतां येते. खोळ म्हणजे अखेर एका बाजूनें मिटलेली पिशवीच. तेव्हां स्लीपिंग बॅगेची अर्धी कल्पना आमच्या गुराख्यास ठाऊक होती असें म्हटल्यास तो देशाभिमानाचा अतिरेक होऊं नये.

मराठी फौजेची ख्याति तिच्या सडेपणाची. सामानाचा पसारा नसलेला स्वार जेथें रात्र पडेल तेथें घोड्याजवळ आडवा होई, आणि दख्खनच्या रात्रीला तेवढें पुरत असे. पुढें १७६० सालीं भाऊसाहेबांची फौज उत्तरेंत उतरली. तिच्याबरोबर बुणगे होते, बायकापोरें होतीं, तीर्थयात्रा साधावयास निघालेले लोक होते. उत्तरेच्या पौषांतल्या थंडीस पुरेल अशी ऊब मात्र नव्हती. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाचीं मुख्य कारणें निराळीं आहेत, आणि रसद तुटणें हें त्यांतलें मोठें. तथापि उपाशी शरीरास थंडी आधीं गांठते, व समोर अबदालीचे लोक थंड मुलुखांतून आलेले होते. सडेपणा सुटला आणि ऊबहि मिळाली नाहीं, अशी ही दुहेरी हानि.

विलायतेंत या प्रश्नाचा विचार पुष्कळ उशिरां, पण नेटानें झाला. वेल्समधील प्राइस प्राइस-जोन्स (नांव खरोखरच असें दुहेरी आहे) या व्यापाऱ्यानें १८७६ सालीं ‘यूक्लिशिया रग’ या नांवाच्या लोंकरी पिशवीचें पेटंट घेतलें. तींत हवा भरावयाची रबरी उशी शिवलेली होती. दोनच वर्षांनीं स्टीव्हन्सन हा लेखक एक गाढवी घेऊन फ्रान्समधील सेव्हेन डोंगरांत हिंडला. तंबू उभारावयाची कटकट फार आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेंत भरतो, म्हणून त्यानें तंबू नाकारला व बाहेरून जलाभेद्य कापडाची, आंतून मेंढीच्या केसाळ कातड्याची पिशवी करवून घेतली. रात्रीं ती अंथरूण होई आणि दिवसा तिच्यांतच सामान भरलें जाई. म्हणजे आपली वळकटीच म्हणा ना! नान्सेननें १८८८ सालीं ग्रीनलंड ओलांडलें तेव्हां सहा माणसांस रेनडियरच्या कातड्याच्या दोनच पिशव्या होत्या. ओझें कमी आणि शेजाऱ्याची ऊब फुकट. घोरणाऱ्याची व्यवस्था काय केली होती कोण जाणे!

आतां आमच्या मुलांकडे वळूं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत २२ जानेवारी १९६२ रोजीं ७.४ अंश सेल्सिअस तपमान नोंदलें गेलें, आणि मुंबईच्या थंडीचा उच्चांक म्हणून आजहि तोच सांगतात. हजार मीटर चढल्यास पारा ढोबळ मानानें साडेसहा अंश उतरतो. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर. म्हणून येथें पंधरा अंश असतील त्या रात्रीं तेथें चार-पांच धरावेत, व वाऱ्याची बोंच वेगळी. एवढ्यासाठीं उणे दहा अंशांची हिमालयी पिशवी घेणें म्हणजे लोणावळ्यास जातांना काशीयात्रेची शिदोरी बांधणें होय. पिशवीवर बहुधा तीन आंकडे छापलेले असतात. त्यांतला शेवटचा, सर्वांत खालचा, हा झोपेचा नसून केवळ जीव वाचण्याचा आहे. दुकानदार मात्र तोच मोठ्या अक्षरांत दाखवितो. विकत घेतांना पहिला वाचावा. पिसांची पिशवी वजनाला हलकी, पण ओली झाली कीं तिची ऊब जाते. दंवाच्या आणि ओलसर गुहांच्या आमच्या मुलुखांत कृत्रिम धाग्यांची बरी.

आणखी एक गोष्ट दुकानांत कोणी सांगत नाहीं. निजणाऱ्याच्या भारानें खालचें भरण चेपून जातें, आणि कातळाची थंडी पाठीस भिडते. म्हणून खालीं स्वतंत्र अंथरूण हवेंच, आणि त्या जागीं राठ, दाट घोंगडीसारखी दुसरी वस्तु आम्हांस ठाऊक नाहीं. सणगरांचे माग आतां थोडे उरले आहेत. वर वाहून नेण्याचे कष्ट नको असतील तर गडाच्या पायथ्याच्या गांवांत विचारून पाहावें. एखाद्या जुन्या घरांत ती अजून सांपडते.