सिद्धार्थ : एका नावाचा अर्थ आणि त्यामागचा इतिहास

वस्तीत किशोरवयीन मुलांचे गट घेताना मी सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारते, "तुझ्या नावाचा अर्थ काय?" गटात एखादा सिद्धार्थ असतोच. तो चटकन सांगतो, "ताई, बुद्धांचं नाव आहे." उत्तर बरोबर आहे. पण "म्हणजे काय?" असे पुढे विचारले की तो गप्प होतो. घरी कोणी सांगितलेले नसते. बौद्ध समाजात इतके आवडते असलेले हे नाव नेमके काय सांगते, कुठून आले आणि आपल्या घरात कधी शिरले, याची ही थोडक्यात माहिती.

शब्दाचा अर्थ

सिद्धार्थ हा सामासिक शब्द आहे. सिद्ध म्हणजे पूर्ण झालेले, साध्य झालेले. अर्थ म्हणजे हेतू, प्रयोजन. ज्याचा हेतू साध्य झाला आहे तो सिद्धार्थ. हा बहुव्रीही समास आहे. पालीमध्ये याच नावाचे रूप 'सिद्धत्थ' असे होते.

संस्कृतमध्ये या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, पांढरी मोहरी. पालीत तिला 'सिद्धत्थक' म्हणतात. किसा गोतमीची कथा आपल्याला माहीत आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. ज्या घरात कधी कोणी मेलेले नाही अशा घरातून चिमूटभर मोहरी आण, असे भगवान बुद्धांनी तिला सांगितले. धम्मपद अट्ठकथेत या मोहरीसाठी 'सिद्धत्थक' हाच शब्द आला आहे.

ग्रंथांतील नाव

पाली सुत्तांमध्ये लोक भगवंतांना 'गोतम' या कुलनावाने संबोधतात, भिक्खू 'भन्ते' म्हणतात आणि ते स्वतःला 'तथागत' म्हणवतात. बोधिसत्त्वाचे नाव म्हणून 'सिद्धत्थ' ठळकपणे येते ते नंतरच्या साहित्यात, उदाहरणार्थ जातक अट्ठकथेच्या निदानकथेत. संस्कृतमधील ललितविस्तर आणि अश्वघोषाचे बुद्धचरित या ग्रंथांत नावाचे रूप 'सर्वार्थसिद्ध' असे आहे. बुद्धवंसात दीपंकरापासून गोतमापूर्वीच्या ज्या २४ बुद्धांची परंपरा दिली आहे, त्यांतील सोळाव्या बुद्धाचे नावही सिद्धत्थ आहे.

हे नाव फक्त बौद्ध परंपरेतच आहे असे मात्र नाही. जैन परंपरेत वर्धमान महावीरांच्या पित्याचे नाव राजा सिद्धार्थ असे आहे. म्हणून जैन कुटुंबांतही ते आदराने ठेवले जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बालकाचा नामकरण विधी पाचव्या दिवशी झाला, नाव सिद्धार्थ ठेवले आणि कुळ गौतम असल्याने लोक त्याला सिद्धार्थ गौतम म्हणू लागले, अशी मांडणी आहे. हाच सिद्धार्थ पुढे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात युद्ध होऊ नये म्हणून आपल्या संघाच्या बहुमताविरुद्ध उभा राहतो आणि घर सोडतो. म्हणजे सिद्धार्थ हे बोधी मिळण्याआधीच्या माणसाचे नाव आहे. प्रश्न पडलेल्या, विचार करणाऱ्या तरुणाचे नाव आहे. मुलांना हे सांगितले की नाव त्यांना जवळचे वाटू लागते.

आधी महाविद्यालय, मग घर

महाराष्ट्रात या नावाचा इतिहास नामकरणापेक्षा शिक्षणाशी आधी जोडला गेला. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. धम्मदीक्षा व्हायला अजून दहा वर्षे होती. त्यानंतर १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले, त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात शिकणाऱ्या आणि राहणाऱ्या तरुणांनी १९७० च्या दशकात दलित चळवळीला नवी भाषा दिली. अनेक कुटुंबांनी 'सिद्धार्थ' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो कॉलेजचे नाव म्हणून.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्यानंतर घराघरांतील नावे बदलली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक, सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही नावे पाळण्यात आली.

हा बदल किती मोठा होता हे समजण्यासाठी मनुस्मृतीचा दुसरा अध्याय पाहावा. त्यातील ३१ व्या श्लोकात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे निंदनीय असावे असा नियम आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची कचरू, धोंड्या, दगड्या, भिक्या ही नावे आठवावीत. दगडू, धोंडू अशी नावे इतर जातींतही ठेवत, मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून. फरक असा की इतरांना चांगले नाव ठेवण्याची मोकळीक होती. आपल्या माणसाने चांगले नाव ठेवले तरी गाव त्याला अरे-तुरे करत मोडकेच नाव घेत असे.

माझ्या आजोबांचे नाव कचरू होते. नातवाचे, म्हणजे माझ्या भावाचे, सिद्धार्थ हे नाव त्यांनीच ठेवले. त्याला कोणी 'सिद्ध्या' म्हटले की ते रागवायचे. "पुरतं नाव घ्या," म्हणायचे. तेव्हा आम्ही हसायचो. समाजशास्त्र शिकताना मला त्या रागाचा अर्थ कळला.

लोकप्रियता आणि जात

आज हे नाव भारतभर, सर्व जातीधर्मांत आहे. बंगालमध्ये ते आपल्या धर्मांतराच्या कितीतरी आधीपासून होते. १९७२ ते १९७७ या काळात पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री असलेले सिद्धार्थ शंकर राय यांचा जन्म १९२० चा. जर्मन लेखक हेरमान हेसे यांची 'सिद्धार्थ' ही कादंबरी १९२२ साली आली आणि पाश्चात्त्य देशांत हा शब्द ओळखीचा झाला. तिचा नायक मात्र बुद्ध नाही, बुद्धांच्या काळातला दुसराच एक तरुण आहे. मराठी, हिंदी आणि दक्षिणेकडील चित्रपटांत या नावाचे अनेक अभिनेते आहेत.

तरीही अनुभव एकसारखा नाही. काही घरांत हे ऐकायला गोड नाव आहे. आपल्या घरांत ती एक घोषणा होती. आणि नोकरीच्या किंवा भाड्याच्या खोलीच्या चौकशीत "सिद्धार्थ" म्हटल्यावर "पुढे काय?" हा प्रश्न अजूनही येतो. आडनाव कळले की काहींचा आवाज बदलतो. चांगले नाव माणसाला उभे राहायला बळ देते, पण समोरच्याच्या मनातली जात तेवढ्याने जात नाही.

समाजात एक चर्चाही असते की संस्कृत रूपाऐवजी पाली 'सिद्धत्थ' ठेवावे. ठेवायला हरकत नाही. पण बाबासाहेबांनी महाविद्यालयाला आणि ग्रंथात 'सिद्धार्थ' हेच रूप वापरले, हे लक्षात असावे.

नाव ठेवताना

नावांच्या याद्यांमध्ये सिद्धार्थपुढे 'राशी : कुंभ' असे छापलेले असते. बौद्ध नामकरणाला राशी, नक्षत्र, आद्याक्षर यांची गरज नाही. त्रिशरण, पंचशील घेऊन, नाव जाहीर करून आणि त्याचा अर्थ उपस्थितांना सांगून विधी पूर्ण होतो.

लेखनाकडेही लक्ष द्यावे. शुद्ध रूप 'सिद्धार्थ' आहे, यात द ला ध जोडला आहे. 'सिध्दार्थ' हे चूक आहे, जसे 'बुध्द' चूक आहे. दाखल्यांवर, फलकांवर ही चूक सर्रास दिसते. इंग्रजीत एक डी की दोन, शेवटी ए आहे की नाही, हे जन्मदाखल्यापासून एकच ठेवावे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला यांत फरक पडला की शिष्यवृत्तीच्या वेळी पालकांना खेटे घालावे लागतात, कधी राजपत्रात नावबदल करावा लागतो. जन्मनोंद नावाशिवाय झाली असेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ नुसार नाव नंतर नोंदवता येते. पहिल्या १२ महिन्यांत त्यासाठी शुल्क नाही, पुढे विलंब शुल्क लागते.

आपल्या घरात सिद्धार्थ असेल तर आज त्याला जवळ बसवून एवढे सांगा : या नावाचा अर्थ काय, ते कोणाचे होते आणि ते आपल्या घरात यायला किती पिढ्या लागल्या.

जय भीम. नमो बुद्धाय.