एका हरवलेल्या काव्याचे रसिक

वाशिममध्ये सोळाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाने कृष्णाची एक जुनी गोष्ट नव्याने सांगितली. राजाचं नाव सर्वसेन, काव्याचं नाव ‘हरिविजय’, भाषा महाराष्ट्री प्राकृत. श्रीधरस्वामींचा १७०२ सालचा मराठी ‘हरिविजय’ महाराष्ट्रात घरोघरी वाचला गेला, तो वेगळा. सर्वसेनाच्या काव्याची संपूर्ण पोथी आज हाती नाही. तरीही त्यात काय होतं, ते कोणत्या गुणांसाठी वाखाणलं गेलं, एवढंच नव्हे तर त्यात मागाहून कुणी काय घुसडलं असावं, याचीही चर्चा शिल्लक आहे. ती शिल्लक आहे ती रसिकांमुळे. ज्यांना हे काव्य आवडलं त्यांनी ते पुढच्यांना सांगितलं, आणि पुढच्यांनी त्यांच्या पुढच्यांना.

तेव्हाचं वाशिम म्हणजे वत्सगुल्म. वाकाटक सम्राट पहिल्या प्रवरसेनानंतर राज्याची वाटणी झाली. एक शाखा नागपूरजवळच्या नंदिवर्धनला राहिली, तर प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने चौथ्या शतकात वत्सगुल्मला आपली गादी मांडली. या शाखेचा पत्ता इतिहासकारांना फार उशिरा लागला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात सर्वसेनाचं नाव होतं, पण झिजलेल्या अक्षरांमुळे ते नीट वाचलं गेलं नव्हतं. १९३९ मध्ये वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा, म्हणजे सर्वसेनाच्या मुलाचा, ताम्रपट सापडला आणि कोडं सुटलं. या ताम्रपटातली वंशावळ संस्कृतात आहे, दानाचा व्यवहारी मजकूर मात्र बराचसा प्राकृतात. त्याच्या आधारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि वाकाटकांची ही वाशिमची शाखा इतिहासात आपल्या जागी बसली.

राजाचं नाव दगडावर अस्पष्ट झालं होतं, पण कवीचं नाव काश्मीरपासून गुजरातपर्यंतच्या जाणकारांच्या तोंडी होतं. हा योगायोग मोठा बोलका आहे.

काव्याचा विषय आजही मराठी घरांत सांगितला जातो. स्वर्गातल्या पारिजातावरून सत्यभामा रुसते आणि कृष्ण इंद्राकडून तो वृक्षच घेऊन येतो. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त एक प्रश्न हाताळला: जुनी, सर्वांना ठाऊक असलेली कथा कवीने बदलावी का? त्याचं उत्तर स्पष्ट होतं. रसाच्या आड येणारा कथाभाग कवीने सोडून द्यावा आणि हवा तर नवा कल्पावा. घडलेलं जसंच्या तसं सांगत बसणं हे कवीचं काम नाही. उदाहरणं म्हणून त्याने कालिदासाच्या रचना, सर्वसेनाचं ‘हरिविजय’ आणि स्वतःचं ‘अर्जुनचरित’ यांची नावं घेतली. सर्वसेनाने नेमकं काय केलं, ते पुढे अभिनवगुप्ताने ‘ध्वन्यालोका’वरच्या आपल्या टीकेत सांगितलं. पारिजात आणण्याचा प्रसंग त्याने रुसलेल्या प्रियेची समजूत घालण्याचा भाग म्हणून रंगवला आणि अशी मांडणी जुन्या इतिहासग्रंथांत नव्हती. देवांच्या पराक्रमाला नवराबायकोच्या रुसव्याफुगव्याचं कारण देणं ही कथाकार म्हणून सर्वसेनाची मोठी झेप होती. एखाद्या लोकप्रिय कथेतली पात्रं उचलून तिचे चाहते आज नवी कथा लिहितात, तेव्हा ‘मूळ कथेत असं नाही’ हा आक्षेप हमखास येतो. आनंदवर्धनाने त्याला अकराशे वर्षांपूर्वीच उत्तर दिलं आहे, आणि दाखला म्हणून पुढे केलं आहे ते वाशिमच्या काव्याला.

काश्मीरचाच कुंतक कालिदास आणि सर्वसेन यांची नावं एका दमात घेतो, सहज सुकुमार शैलीचे कवी म्हणून. अकराव्या शतकात धारच्या भोजराजाने ‘सरस्वतीकंठाभरण’ आणि ‘शृंगारप्रकाश’ या ग्रंथांत ‘हरिविजया’तले श्लोक घेतले. बाराव्या शतकात गुजरातच्या हेमचंद्राने ‘काव्यानुशासना’त या काव्याची वैशिष्ट्यं नोंदवली. प्रत्येक सर्गाच्या शेवटी कवी ‘उत्साह’ हा शब्द खूण म्हणून गुंफतो, हे त्यातलंच एक. गलितक वृत्तातल्या रचना मूळ कवीच्या नाहीत, कुणी तरी त्या मागाहून भरल्या, हे मतही त्याच ग्रंथात नोंदलेलं आहे. आवडत्या कलाकृतीत भेसळ झाली म्हणून हळहळणारे रसिक तेव्हाही होते, हे वाचून फार बरं वाटतं.

राजशेखराने तर या गावालाच कथेत बसवलं. हा कवी इसवी सन ९०० च्या आसपास कनौजच्या दरबारी होता, पण पणजोबा अकालजलद महाराष्ट्राचे भूषण होते याचा त्याला अभिमान होता. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष देशोदेशी हिंडतो आणि पार्वतीने निर्माण केलेली साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते. अखेर दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. ‘कर्पूरमंजरी’त तो काव्याच्या रीती सांगतो, त्यात ‘वच्छोमी’ हे नाव येतं. तेही वत्सगुल्मावरूनच पडलेलं.

आणि शेवटी राजघराणंच गोष्ट होऊन गेलं. अजिंठ्याच्या वैभवाशी जोडला गेलेला हरिषेण या शाखेचा शेवटचा बलाढ्य राजा. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या विश्रुताच्या कथेत विदर्भाचा राजा अनंतवर्मा वृद्ध मंत्री वसुरक्षिताचा सल्ला झिडकारतो, विहारभद्र नावाच्या खुशमस्कऱ्याच्या नादी लागतो आणि राज्य गमावतो. हरिषेणानंतरच्या पडझडीचे पडसाद या कथेत आहेत, असं मिराशींनी साधार मांडलं.

गोष्टी टिकण्याची दुसरी रीत वाशिम जिल्ह्यातल्याच कारंजा लाडने दाखवली. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या जपल्या गेल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांनी केलेली सूची १९२६ मध्ये छापली गेली, तेव्हा या ठेव्याकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. मग अमरावतीला शिकवणाऱ्या डॉ. हीरालाल जैन यांच्या पुढाकाराने कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली. पुष्पदंताचं अपभ्रंश ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली १९३१ मध्ये निघालं. यशोधर राजा आईच्या आग्रहावरून खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी देतो आणि तेवढ्या हिंसेसाठीही मायलेकाला जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीत भोग भोगावे लागतात, अशी ही कथा आहे. १९३४ मध्ये कनकामराचं ‘करकंडचरिउ’ आलं. त्यातल्या तेरापूरजवळच्या लेण्यांच्या वर्णनाचा धागा हीरालाल जैनांनी धाराशिवच्या लेण्यांपर्यंत नेला.

कारंज्याच्या भांडारांनी अख्ख्या पोथ्या सांभाळल्या, वत्सगुल्माचं काव्य मात्र अवतरणांतून तुकड्यातुकड्याने उरलं. आणि हे तुकडेही बिनडागाचे नाहीत. संस्कृत ग्रंथांची नक्कल करणाऱ्या लेखनिकांना प्राकृत नीट कळत नसे, त्यामुळे श्लोकांची अक्षरं पार बिघडली. डॉ. व्ही. एम. कुलकर्णी यांनी अलंकारग्रंथांतले असे प्राकृत श्लोक वर्षानुवर्षं दुरुस्त केले आणि ‘हरिविजया’चे विखुरलेले श्लोक १९९१ मध्ये एका पुस्तकात एकत्र आणले. हे काम करायला विद्वत्ता लागतेच, पण न पाहिलेल्या काव्यावर जीवही असावा लागतो.

आज गोष्टींविषयी बोलणारे पॉडकास्ट एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर जातात, सोबत ‘हा भाग ऐकच’ एवढाच आग्रह असतो. आनंदवर्धनाने, कुंतकाने, भोजाने काही वेगळं केलं नव्हतं. वाशिमच्या मुलांना मात्र आपल्या गावच्या या कवीबद्दल हा आग्रह क्वचितच कुणी करतो. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी, ग्रंथालयांनी आणि हातात माईक घेतलेल्या तरुणांनी ‘हरिविजया’चे उरलेले श्लोक मराठी अर्थासह मोठ्याने वाचून ऐकवावेत. सत्यभामेच्या रुसव्यापासून सुरुवात करावी.