छत्री कोणाची? गोव्यातील सामायिक सणांचा इतिहास

शिमग्याच्या दिवसांत फातर्प्याची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आपल्या जुन्या गावी, कुंकळ्ळीला येते. तिच्याबरोबर बारा छत्र्या निघतात. कोंकणीत त्यांना सोंत्र्यो म्हणतात आणि उत्सवालाही तेच नाव पडले आहे. गुलालाने रस्ता आणि माणसे सारखीच माखतात. या बारा छत्र्या म्हणजे कुंकळ्ळीचे बारा वांगड, अर्थात गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांचे बारा गट. या वांगडांतील अनेक घरे कित्येक पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत. तरीही ती या मिरवणुकीला पाहुणी म्हणून येत नाहीत, कारण छत्री त्यांचीही आहे.

परधर्मीय शेजाऱ्याला सणाच्या शुभेच्छा द्याव्यात का, दिल्यास कोणत्या शब्दांत, यावर अलीकडे दर नाताळाला आणि दर दिवाळीला वाद झडतो. त्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे सण एकाचा आणि दुसऱ्याकडे फक्त सौजन्य. गोव्यातील काही जुने सण या चौकटीत बसत नाहीत. तेथे प्रश्न सौजन्याचा नसून मानाचा, म्हणजे हक्काचा होता. हा हक्क धर्मांतरानंतरही कसा उरला, हे समजण्यासाठी सोळाव्या शतकात जावे लागते.

साष्टी आणि बार्देश हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी या दक्षिणेकडील गावांनी याला दीर्घकाळ विरोध केला. कर थांबवले, पाडलेली देवस्थाने पुन्हा उभी केली. १५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना आणि त्यांच्या काही सोबत्यांना कुंकळ्ळीच्या लोकांनी ठार केले.

त्या पाचांचा प्रमुख होता रुदोल्फो आक्वाविवा. हा तोच पाद्री, जो १५८० पासून फत्तेपूर सिक्रीत अकबराच्या दरबारी होता आणि इबादतखान्यात मौलवींशी वाद घालत होता. बादशहाच्या त्या दालनात सर्व धर्मांचे पंडित एकमेकांचे खंडन करून सुखरूप घरी जात. गोव्यात परतल्यावर काही महिन्यांतच त्याचा शेवट झाला. पुढे सरकारने कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतले आणि तेथे त्यांना मारले. मृतांचे प्रेतसंस्कार करण्याची जबाबदारी, निदान पाद्र्यांच्या बाबतीत, ज्याच्यावर आली तो साष्टीतील इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स. मराठी वाचकांना तो वेगळ्या कारणाने ठाऊक आहे: अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले.

याच उलथापालथीच्या काळात कुंकळ्ळीची देवी फातर्प्याला नेली गेली. अंतर फार नाही, पण फातर्पा तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर होता आणि तो भाग त्यांच्याकडे गेला तो थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे देवी एका राज्यात आणि तिचे गाव दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती राहिली. गावात चर्च उभे राहिले, लोक ख्रिस्ती झाले. एवढ्या रक्तपातानंतर नाते तुटायला हवे होते. ते का तुटले नाही?

याचे उत्तर केवळ श्रद्धेत शोधणारे बहुतेक अर्ध्यावर थांबतात. खरे कारण जमिनीत आहे. गोव्याचे गाव ही गांवकारी नावाची संस्था होती. शेतजमीन सामायिक असे. बांध, खाजण, पाण्याचे दरवाजे यांची देखभाल सर्वांनी मिळून करायची आणि खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न गांवकारांनी जोण म्हणून वाटून घ्यायचे. गांवकार होणे हे जन्मावर, वांगडावर अवलंबून होते. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये या रूढी लेखी नोंदवून घेतल्या आणि महसुलाच्या सोयीसाठी ती चौकट टिकवली. पुढे तिला कोमुनिदाद हे नाव मिळाले. राज्यकर्त्यांनी देव बदलला, पण वांगड बदलला नाही. ख्रिस्ती झालेला गांवकार त्याच क्रमाने बसत राहिला, तीच जोण घेत राहिला. आणि गावातले सगळे मान, देवळातले असोत वा चर्चमधले, याच क्रमाने ठरत असत.

घरात काय चालले होते, याचा उत्तम पुरावा इन्क्विझिशननेच मागे ठेवला आहे. १४ एप्रिल १७३६ च्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती लोकांसाठी निषिद्ध ठरवलेल्या चालीरीतींची लांबलचक यादी आहे. लग्नात ओव्या गाऊ नयेत. अंगणात तुळस ठेवू नये. असल्यास उपटून टाकावी. एकादशीचा उपवास करू नये. हिंदू पद्धतीने मीठ न घालता भात शिजवू नये. पुडवे नेसू नये, चोळी घालू नये. यादी तयार करणाऱ्यांनी स्वयंपाकघरापर्यंत डोकावून पाहिले होते, हे उघड आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने बंदीपेक्षा तिचा काळ अधिक बोलका आहे. न्यायासन बसून १७६ वर्षे झाली होती, तरीही मीठ न घातलेला भात शिजत होता. हे न्यायासन अखेरचे बंद झाले ते १८१२ मध्ये.

उत्तरेकडे, बार्देशात, हेच नाते बहिणींच्या कथेतून सांगितले जाते. सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या त्यांतल्या काही. एक बहीण मिराबाई म्हापशाला गेली आणि मिलाग्र सायबीण झाली, म्हणजे सेंट जेरोम चर्चमधील चमत्कारांची माता. ईस्टरनंतर पंधरवड्याने येणाऱ्या सोमवारी तिचे फेस्त भरते. त्या दिवशी सायबिणीला तेल वाहणाऱ्यांच्या रांगेत हिंदूंची संख्या मोठी असते. तेल वाहणे हा अर्थातच चर्चचा मूळ विधी नव्हे. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात लईराईची जत्रा असते. दोन्ही बहिणींनी एकमेकींना तेल आणि मोगऱ्याची फुले धाडण्याची चाल लोक आवर्जून सांगतात. कथा कधी रचली गेली हे महत्त्वाचे नाही. धर्मांतराने दुरावलेल्यांना पुन्हा कुटुंबात घ्यायचे, तर ‘सासरी गेलेली बहीण’ यापेक्षा सोपी सोय कोणत्या खेड्याला सुचली असती?

शेतीचे वेळापत्रकही दोन धर्मांसाठी वेगळे नव्हते. पावसाळी भाताला कणसे धरली की गणेश चतुर्थीच्या दिवसांत हिंदू घरांत नवें होते. नव्या भाताची कणसे देवापुढे आणि दारावर येतात. त्याच ऑगस्टमध्ये ख्रिस्ती गावांत कणसांचे फेस्त असते: साष्टीतील राय येथे ५ ऑगस्टला, तिसवाडीतील ताळगावात २१ ऑगस्टला. कोयत्याने पहिली कणसे कापण्याचा मान तेथे गांवकारांचा. ताळगावकर आपला हा मान थेट अफोंसो द आल्बुकर्कने दिल्याचे सांगतात. पाद्री त्या कणसांना आशीर्वाद देतो, मग ती घरोघरी जातात. विधी लॅटिन परंपरेतून आला असेल, पण कापणीचा दिवस भाताने ठरवला.

ताटांची देवघेवही अशीच चाले. नाताळात ख्रिस्ती घरातून हिंदू शेजाऱ्याकडे दोदोल, बेबिंका, नेवऱ्या यांचे ताट जाते, त्याला कोंसुआद म्हणतात. चतुर्थीला उलट दिशेने ताट येते आणि त्यातही नेवऱ्या असतातच. मराठी घरात त्यांना करंज्या म्हणतात. ताट रिकामे परत करायचे नाही, हा नियम दोन्ही घरांना ठाऊक असतो.

या चित्राला ‘सर्वधर्मसमभाव’ हे नाव देणे मात्र घाईचे ठरेल. मान हा हक्क होता, म्हणूनच तो सर्वांना नव्हता. बारा वांगडांत नसलेले, जमीन कसणारे कूळ, बाहेरून येऊन स्थायिक झालेले, आणि मानकरी म्हणून स्त्रिया, यांना छत्रीला हात लावता येत नसे. कुंकळ्ळीच्या चर्चमधील फेस्तावरूनही गांवकार आणि बिनगांवकार ख्रिस्ती यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. एकच धर्म, एकच चर्च, तरी सण कोणाचा हा प्रश्न सुटला नाही. हिंदू आणि ख्रिस्ती गांवकार एका छत्रीखाली येऊ शकत होते. गांवकार आणि त्याच्याच धर्माचे कूळ यांना ते जड गेले. ज्या जन्मसिद्ध मानाने धर्मांची भिंत ओलांडली, त्यानेच जातीची भिंत मजबूत ठेवली, हे नोंदवल्याशिवाय गोव्याच्या सलोख्याचे गोडवे गाणे अपुरे आहे.

याच्या शेजारी शिवोलीचा जागोर ठेवून पाहण्यासारखा आहे. तो जमीनदारांचा सण नव्हे, गावच्या राखणदाराची जागरणाची रात्र आहे. नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी, घरांवर कागदी तारे अजून लटकत असताना, शिवोलीची हिंदू आणि ख्रिस्ती घरे जागोऱ्यासाठी एकत्र येतात. सुरुवातीच्या नमनात दोन्ही धर्मांच्या देवांची नावे घेतली जातात. हिंदू तेल वाहतात, ख्रिस्ती मेणबत्त्या लावतात आणि सोंगे घेऊन रात्रभर नाच-गाणे चालते. गावावर, पिकावर आणि दूरदेशी गेलेल्या माणसांवर राखणदाराची नजर असावी, एवढे त्याच्याकडे मागितले जाते.