काडेपेटीवरील छापचित्रांचा मूलस्रोत : नांदेड-लातूर परिसरातील संग्रहांच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हणून कागदपत्रे, नाणी, शिलालेख आणि ताम्रपट यांना जी प्रतिष्ठा आहे ती स्वस्त छापील चित्रांना आपल्याकडे क्वचितच लाभली. काडेपेटीवरील छाप, कापडाच्या ताग्यावरील तिकिटे, सिगारेटच्या पाकिटातील चित्रपत्ते ही मुलांच्या खेळण्यातील वस्तू समजली गेली. अलीकडे स्थानिक इतिहासाचे अभ्यासक त्यांच्याकडे वळू लागले आहेत, ही समाधानाची बाब होय. मात्र या चित्रांचा पुरावा म्हणून उपयोग करताना एक पायरी वगळली जाते. छापावरील चित्र हे त्यात दिसणाऱ्या वस्तूचे किंवा पोशाखाचे साक्षीदार नसते. ते त्याआधीच्या कोणत्या तरी चित्राचे साक्षीदार असते. ते आधीचे चित्र सापडल्याशिवाय छापावरून समाजजीवनाविषयी विधान करणे धोक्याचे आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन अनुभवातून आलेले आहे. एम.फिल.च्या काळात लातूर येथील एका जुन्या व्यापारी घराच्या ट्रंकेत प्रस्तुत लेखकाला एक काडेपेटीचा छाप मिळाला. त्यावर झोपाळ्यावर बसलेली स्त्री असून तिचा पदर उजव्या खांद्यावर होता. लातूरच्या बाजारपेठेत गुजराती व मारवाडी व्यापाऱ्यांचे वास्तव्य जुने असल्याने हा छाप म्हणजे तेथील गुजराती पोशाखाचा पुरावा होय, असे विधान एका चर्चासत्रातील निबंधात केले गेले. श्रोत्यांतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी निबंध संपल्यावर, "पदर पुढून मागे गेला आहे की मागून पुढे आला आहे, ते पाहिलेत का?" एवढाच प्रश्न विचारला. गुजराती पद्धतीत पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो. छापातील पदर पुढून मागे गेलेला होता. तो मराठी पद्धतीचा, डाव्या खांद्यावरचा पदर होता; चित्रच उलटे छापले गेले होते. मूळ चित्र म्हणजे राजा रविवर्मा यांच्या झोपाळ्यावरील मोहिनीचा ओलिओग्राफ निघाला.

मोटारींच्या चित्रपत्त्यांचे उदाहरण

छापचित्राचे मूळ शोधण्याची पद्धत आपल्याकडे नवीन असली तरी पाश्चात्त्य संग्राहकांत ती रुळलेली आहे. इंग्लंडमधील जॉन प्लेअर या कंपनीने १९३६ मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून ५० मोटारगाड्यांचा चित्रसंच वाटला व पुढच्याच वर्षी दुसरा संच काढला. अशा जुन्या मोटारींच्या पत्त्यांवरील चित्र कोठून उचलले, कंपनीच्या विक्रीपुस्तिकेतून, वर्तमानपत्री छायाचित्रातून की दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरून, हे ठरविताना संग्राहक गाडीच्या सौंदर्यापेक्षा क्षुल्लक तपशील पाहतात. क्रमांकाच्या पाटीवरील अक्षरे, सावलीची दिशा, कडेला अर्धवट कापला गेलेला दिवा आणि सुकाणूचे चाक कोणत्या बाजूस आहे, या गोष्टी बोलक्या असतात. इंग्लिश गाडीचे चाक डाव्या बाजूस दिसले तर चित्र उलटले असावे, असा तर्क करता येतो. तोही जपून करावा लागतो. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये डावीकडील चाक घेऊन आली, त्यापूर्वी अनेक अमेरिकन गाड्यांचे चाकही उजवीकडेच असे. म्हणजे मोटारीच्या बाबतीतही गाडी कोणती व कोणत्या सालची हे कळल्यावरच चाकाची साक्ष ग्राह्य धरता येते. आपल्या छापांतील पदराची गोष्ट याहून वेगळी नाही.

शिळाछापापासून काडेपेटीपर्यंत

मराठवाड्यातील घरांत दिसणाऱ्या जुन्या छापचित्रांपैकी मोठा भाग रविवर्मा यांच्या चित्रांशी नाते सांगतो, आणि त्याचे कारण मुंबई-पुण्याच्या मुद्रणव्यवसायात आहे. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू झाली व देवादिकांची तसेच मराठेशाहीतील पुरुषांची रंगीत चित्रे सामान्य माणसाच्या भिंतीवर आली. रविवर्मा यांनी आपल्या चित्रांच्या प्रती छापून घ्याव्यात, अशी सूचना तंजावरच्या मराठी घराण्यातील सर टी. माधवराव यांनी १८८४ मध्ये पत्राने केली होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी काढलेली पौराणिक चित्रे मुंबईत लोकांनी गर्दी करून पाहिली, आणि १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात मुद्रणालय उभे राहिले. शकुंतलेच्या जन्माचे चित्र तेथून प्रथम बाहेर पडले. प्लेगच्या दिवसांत हे मुद्रणालय लोणावळ्याजवळ मळवली येथे गेले व विसाव्या शतकाच्या आरंभी ते फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचे झाले. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या मुद्रणालयासाठी ठसे तयार करण्याचे काम केले.

सुमारे याच काळात हैदराबाद संस्थानात रेल्वेचे जाळे पसरत होते. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने १९०० च्या सुमारास नांदेड मनमाडमार्गे मुंबईशी जोडले गेले. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. राज्यकारभार हैदराबादचा आणि भाषा उर्दू असली तरी बाजारात येणारा चित्रांचा माल मुंबईच्या वाटेने येत होता, ही बाब सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

काडेपेट्या मात्र मुंबईच्याही पलीकडून येत. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतात ऑस्ट्रिया, स्वीडन व जपान येथील काडेपेट्या खपत. परदेशी कारखानदारांना भारतीय गिऱ्हाइकाला ओळखीचे वाटेल असे चित्र हवे होते. ओलिओग्राफ त्यांच्या हाती आयताच आला. लक्ष्मी, सरस्वती, मेनका, मोहिनी अशी चित्रे काही इंच कागदावर बसविली गेली. तिकडच्या कारागिराला पुराणकथा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. म्हणूनच एखाद्या छापात मागील डोंगर नाहीसा होतो, ऋषीच्या दाढीचा रंग पदराला लागतो, आणि मथळ्यातील देवनागरी अक्षर काना-वेलांटीसह मोडते. अशा चुका हास्यास्पद वाटतात. मूळ शोधणाऱ्याला त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. दोन छापांत एकच चूक आढळली तर दोन्ही एकाच प्रतीवरून निघाले असावेत, किंवा एक दुसऱ्यावरून, असा अंदाज बांधता येतो. पोथ्यांची वंशावळ लावणारे पाठचिकित्सक हेच तत्त्व वापरतात.

उलटेपणा आणि रंग

शिळेवर काढलेले चित्र कागदावर उलटून उमटते. जाणता कारागीर म्हणून ते शिळेवर आधीच उलटे काढतो. समोर ठेवलेल्या छापील प्रतीची जशीच्या तशी नक्कल शिळेवर किंवा ठशावर केली तर छापून येणारे चित्र डावे-उजवे बदललेले असते. वीणा छेडणारा सरस्वतीचा हात डावा होतो, पदर उजव्या खांद्यावर जातो. तेव्हा उलटा छाप हा सुलट छापाचा वंशज असण्याची शक्यता अधिक. तथापि हा नियम निरपवाद नाही. हस्तांतरण-कागद वापरला तर नक्कल सुलटच उतरते, आणि उलट्या छापाची पुन्हा नक्कल झाली तर ती पुन्हा सुलट होते. सुलट छाप पाहून तो मुळाच्या जवळचा समजणे म्हणूनच चुकीचे ठरू शकते.

येथे रंग मदतीला येतात. ओलिओग्राफसाठी प्रत्येक रंगाची स्वतंत्र शिळा लागे. अनेक शिळांतून त्वचेची व रेशमाची छटा साधली जाई. काडेपेटीवर एवढा खर्च कोण करणार? तेथे तीन-चार सपाट रंगांत काम भागविले जाई. पुढील प्रतीत आणखी एक रंग गळतो. गळालेला रंग परत येत नाही, आला तरी चुकीच्या जागी येतो. लेखकाच्या पाहण्यातील नांदेडच्या एका संग्रहातील मोहिनीचा छाप सुलट आहे. पण त्यावर दोनच रंग आहेत व झोपाळ्याची एक दोरी मध्येच तुटली आहे. लातूरच्या उलट्या छापातही तीच दोरी तेथेच तुटली आहे, रंग मात्र चार आहेत. नांदेडचा सुलट छाप हा लातूरच्या उलट्या छापाच्या नंतरचा आहे, असे मानणे यामुळे भाग पडते.

कालनिश्चितीस जकातीचा इतिहास उपयोगी पडतो. ऑस्ट्रियाचे नाव असलेला छाप बहुधा १९१४ पूर्वीचा. युद्धकाळात त्या मालाची जागा जपानने घेतली. १९२२ मध्ये आयात काडेपेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया जकात बसली आणि परदेशी माल महागला. स्वीडिश कंपनीने १९२३ मध्ये विमको स्थापन करून अंबरनाथ येथे उत्पादन सुरू केले. १९३४ च्या कायद्याने देशी काडेपेट्यांवर अबकारी कर आला व पेटीवर कराची पट्टी चिकटू लागली. पट्टीचा तुकडा जरी शिल्लक असला तरी छापाचा कालखंड ठरतो.

मूळ म्हणजे कोठपर्यंत?

ओलिओग्राफपाशी शोध थांबवावा का, हा प्रश्न उरतो. रविवर्मा यांच्या स्त्रियांचा महाराष्ट्रीय पोशाख पाहून तो मराठी रंगभूमीवरून आला, असे सहज म्हटले जाते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. रविवर्मा यांची पत्र लिहिणारी शकुंतला १८७० च्या दशकातील आहे. येथे तरी चित्र आधीचे आहे. साम्य दिसले म्हणजे दिशा कळली असे होत नाही. नाटक कंपन्यांनी चित्रांवरून वेषभूषा उचलली असेल, हीही शक्यता तितकीच विचारात घेतली पाहिजे. केरळच्या चित्रकाराने निवडलेला आणि परदेशी काडेपेटीवरून लातूरच्या घरात आलेला तो पोशाख लातूरच्या स्त्रीने कधी नेसला होता का, याचे उत्तर छापात नाही. ते त्या घरातील छायाचित्रांत, लग्नाच्या याद्यांत आणि कापड दुकानांच्या वह्यांत शोधावे लागेल.

ती साधने वेगाने नाहीशी होत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील (उस्मानाबादचे नाव आता धाराशिव) अनेक गावांतील माळवदाची घरे कोसळली. ज्या ट्रंका वाचल्या त्यांतील छाप पुढे वह्यांत डकविले गेले, आणि डकविताना पाठीचा जुना कागद भिजवून काढला गेला. पाठ फेकली की चिकटवलेल्या पेटीचा निळा कागद, कराच्या पट्टीचा कोपरा, कधी दुकानदाराचा शिक्का, सारेच जाते. लातूरच्या त्या मोहिनीच्या पाठीवर निळ्या कागदाचा नखाएवढा तुकडा अजून आहे. तो छाप आता वहीत न चिकटविता दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवला आहे.